कॉम्प्युटरचा आवाज गेलाय? दुकानात नेण्याआधी घरीच एवढं बघा

मागच्या जूनमध्ये भाचा नीटच्या तयारीला आमच्याकडं लातूरला राहायला आला. घरचा कॉम्प्युटर जुना, पण धडधाकट. भाच्यासाठी मॉनिटर तेवढा नवा घेतला, आणि तो लावला त्याच संध्याकाळी आवाज गेला. फिजिक्सचे सर पडद्यावर हातवारे करतायत, तोंड हलतंय, ऐकू मात्र शून्य.

कॉम्प्युटरचा डबा (सीपीयू) उचलून दुरुस्तीवाल्याकडं नेला. दुकानात खणखणीत वाजला. घरी आणला तर मुका. परत नेला, परत वाजला. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "ताई, बोर्डावरची साउंड चिप गरम झाली की बंद पडते. बोर्डच बदलावा लागेल." तीन खेपांचं ऑटोभाडं, दोनदा तपासणीचे पैसे, दोनशे ऐंशी रुपयांचं एक यूएसबी साउंड कार्ड आणि भाच्याचे चार दिवस गेले. बिघाड कुठंच नव्हता. नेमकं काय झालं होतं ते चौथ्या पायरीत येईल, आणि घाईत असाल तर आधी तीच पायरी वाचा.

हा घोळ गावाकडं फोनवर अण्णांना सांगितला. त्यांनी कॉम्प्युटरला आयुष्यात हात लावलेला नाही, पण म्हणाले, "अगं, शेतात पाणी येईना म्हणून कुणी उठून बोअरमधली मोटार वर काढतं का? आधी नळीचं टोक बघावं, मग व्हॉल्व्ह, मग स्टार्टर. मोटारीला हात सगळ्यात शेवटी." मी नेमकी मोटार काढायला धावले होते. म्हणून खालच्या पायऱ्या कानापासून सुरू होतात आणि मागं मागं मदरबोर्डाकडं, म्हणजे डब्यातल्या मुख्य बोर्डाकडं जातात. एरवी क्रम मोडू नका. सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलंय.

हाताशी काय ठेवायचं

- वायरचा, ३.५ मिमी पिनचा साधा इअरफोन. मोबाइलवर नक्की वाजतो अशी खात्री असलेला.
- एक मोबाइल. टॉर्चसाठी, नेटसाठी आणि वायरी काढण्याआधी फोटो काढून ठेवण्यासाठी.
- रंगकामाचा नवा मऊ ब्रश, सुती फडकं, फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर.
- कॉम्प्युटरचं बिल, वॉरंटी कार्ड, आणि जपून ठेवला असेल तर मदरबोर्डचा खोका. त्यावर मॉडेल नंबर असतो.
- ॲडमिन खात्याचा पासवर्ड. घरात कुणाला तरी तो माहीत असतो, आणि नेमका तो माणूस परगावी असतो. आधीच विचारून ठेवा.
- वही-पेन. काय बदललं ते लिहीत जा. दहा ठिकाणी टिचकी मारल्यावर कुठली टिचकी उलटी फिरवायची ते आठवत नाही.

पेन ड्राइव्ह लागेल, पण आठव्या पायरीपर्यंत पोचलात तरच.

सुरू करण्याआधी वहीत एका प्रश्नाचं उत्तर लिहा: आवाज गेला त्याच्या आदल्या दिवशी घरात काय बदललं? नवी वायर, नवा मॉनिटर, विंडोजचं अपडेट, लाईट जाणं-येणं, पाहुण्यांच्या पोरानं खेळलेला गेम, काहीही असो. माझ्या वहीत "नवा मॉनिटर" एवढे दोन शब्द असते तरी चार दिवस वाचले असते.

१. स्पीकर एकटा तपासा

कॉम्प्युटरमधून स्पीकरची पिन काढा आणि मोबाइलला लावा. हल्लीच्या बऱ्याच फोनना हे भोकच नसतं, मग घरातला जुना फोन शोधा. गाणं वाजलं तर स्पीकर निर्दोष. नाही वाजलं तर कॉम्प्युटरला उगाच दोष देऊ नका.

इथं आपल्याकडचा एक हमखास सापळा आहे. एक मोठा डबा आणि दोन छोटे स्पीकर असा सेट बहुतेक घरांत असतो. त्याला ब्लूटूथ, एफएम, पेन ड्राइव्ह आणि ऑक्स असे तीन-चार मोड असतात. कॉम्प्युटरची वायर ऑक्सवर चालते. पण लाईट जाऊन आली की यातले बरेचसे सेट ऑक्स विसरतात आणि आपोआप ब्लूटूथवर जाऊन बसतात. दिवसातून चारदा लाईट ये-जा करत असेल तर चारदा "आवाज गेला". स्पीकरवरचं किंवा रिमोटवरचं मोडचं बटण दाबत जा, डिस्प्लेवर ऑक्स किंवा लाइन असं काही दिसलं की थांबा. आमच्या शेजारच्या काकूंचा कॉम्प्युटर याच कारणानं महिनाभर मुका होता आणि त्या दर शनिवारी त्याला नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळत होत्या.

आवाजाचं गोल बटण मागच्या बाजूलाही असू शकतं. झाडताना ते फिरतं.

२. पिन आणि भोक

डब्याच्या मागं रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरून आवाज आत घेण्याचं. स्पीकरची पिन हिरव्यातच. अंधारात, टेबलाखाली वाकून, अंदाजानं खुपसली की ती गुलाबीत जाते. टॉर्च लावूनच बघा.

पिन "टक्" असं जाणवेपर्यंत आत ढकला. अर्धवट बसलेली पिन मोठी फसवी असते. कधी एकाच बाजूनं आवाज येतो, तर कधी त्याहून विचित्र होतं: गाण्यातली ढोलकी, पेटी ऐकू येते आणि गाणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा खोल जातो. असं झालं तर सॉफ्टवेअरमध्ये शिरू नका. दोष पिनेत किंवा वायरीत आहे. पिन बोटानं हळूच हलवा, आवाज खरखरत ये-जा करू लागला की वायर बदला.

आता स्पीकर बाजूला ठेवून इअरफोन आधी मागच्या हिरव्या भोकात आणि मग पुढच्या भोकात लावून बघा. मागं वाजतं, पुढं नाही, असं असेल तर डब्यातली पुढच्या भोकांची वायर सुटलेली आहे. ते सातव्या पायरीत बघू. तोवर मागचं वापरा, काही अडत नाही.

३. पडद्यावरच्या साध्या गोष्टी

खाली उजव्या कोपऱ्यातल्या कर्ण्याच्या चित्रावर फुली आहे का? कीबोर्डवर आवाज बंद करायचं बटण असतं, मांजर चाललं तरी दाबलं जातं.

आवाज सगळीकडंच नाही, की एकाच ठिकाणी नाही? हे वेगळं करणं महत्त्वाचं. ब्राउजरमध्ये व्हिडिओ मुका आणि बाकी सगळं वाजतं, असं असेल तर वरच्या टॅबवर उजवी टिचकी मारा. "अनम्यूट साइट" असं दिसलं तर ती साइट बंद करून ठेवलेली आहे. प्रत्येक प्रोग्रामचा आवाज वेगळा कमी-जास्त करता येतो. कर्ण्यावर उजवी टिचकी, "व्हॉल्यूम मिक्सर". तिथं एखादी पट्टी तळाला गेलेली दिसते.

ऑनलाइन क्लासवाल्यांसाठी एक खास. मीटिंग सुरू झाली की बाकीचे आवाज एकदम बारीक होतात, अशी तक्रार येते. तो बिघाड नाही, विंडोजचा स्वभाव आहे. बोलणं सुरू झालंय असं वाटलं की ते इतर आवाज ८० टक्के कमी करतं. पुढच्या पायरीत जी साउंडची खिडकी उघडणार आहोत, तिच्यात "कम्युनिकेशन्स" या भागात "डू नथिंग" निवडा.

४. आवाज जातोय कुठं?

माझे चार दिवस इथं गेले.

कॉम्प्युटरला आवाज बाहेर सोडायच्या वाटा एकाहून जास्त असतात. हिरवं भोक ही एक. एचडीएमआय वायर ही दुसरी, कारण ती चित्राबरोबर आवाजही नेते. ब्लूटूथ तिसरी, यूएसबी हेडफोन चौथी. विंडोज एका वेळी एकच वाट मुख्य धरतं, आणि नवीन काही जोडलं की पुष्कळदा न विचारता त्याच्याकडं वळतं. दारं फिरवल्यावर पाणी ज्या सरीत जातं तिथंच जातं. बाकीच्या सऱ्या कोरड्या राहिल्या म्हणून विहीर आटलेली नसते.

आमचा जुना मॉनिटर व्हीजीए वायरचा, म्हणजे निळ्या रुंद पिनेचा. ती वायर फक्त चित्र नेते. नवा मॉनिटर एचडीएमआयचा. तो लावताच विंडोजनं आवाज मॉनिटरकडं पाठवायला सुरुवात केली. मॉनिटरला स्पीकर नव्हतेच, मागं इअरफोनचं एक भोक तेवढं होतं. आवाज तिथपर्यंत इमानदारीत पोचत होता, ऐकायला कुणी नव्हतं. दुकानात मी फक्त डबा न्यायची. तिथल्या टेबलावर जुना व्हीजीए मॉनिटर. एचडीएमआय नाही म्हटल्यावर आवाज गपगुमान हिरव्या भोकात परत यायचा. दुकानात वाजणं आणि घरी न वाजणं यात गरम होणाऱ्या चिपचा काही संबंधच नव्हता.

बघायचं असं:

विंडोज १० मध्ये कर्ण्यावर साधी टिचकी मारा. आवाजाच्या पट्टीच्या वर एक नाव आणि शेजारी छोटा बाण दिसेल. बाणावर टिचकी मारली की सगळ्या वाटांची यादी उघडते. विंडोज ११ मध्ये कर्ण्यावर टिचकी मारल्यावर पट्टीच्या उजव्या टोकाला एक खूण असते, ती दाबली की यादी येते. यादीत "स्पीकर्स" आणि त्यापुढं रिअलटेक किंवा हाय डेफिनिशन ऑडिओ असं असेल ते हिरव्या भोकाचं. मॉनिटरच्या कंपनीचं नाव, किंवा एनव्हिडिया, एएमडी, इंटेल डिस्प्ले ऑडिओ असं असेल ती एचडीएमआयची वाट. "स्पीकर्स"वालं निवडा, काहीतरी वाजवून बघा. शंभरातल्या पुष्कळांचं काम इथंच संपतं.

यादीत हवं ते नावच नसेल तर जुनी साउंडची खिडकी उघडा. ती मला नव्या सेटिंग्जपेक्षा जास्त सोयीची वाटते, सगळं एका जागी असतं. विंडोजची की दाबून धरून आर दाबा. छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजी अक्षरांत एम, एम, एस, वाय, एस, मग टिंब, मग सी, पी, एल असं जोडून लिहा आणि एंटर मारा. "प्लेबॅक" भागात सगळ्या वाटा दिसतील. रिकाम्या जागेवर उजवी टिचकी मारून "शो डिसेबल्ड डिव्हाइसेस" वर बरोबरची खूण करा. कुणी बंद करून ठेवलेली वाट आता फिकट रंगात दिसेल. तिच्यावर उजवी टिचकी, "इनेबल", आणि मग "सेट ॲज डिफॉल्ट".

ही खिडकी उघडी ठेवून मागं एखादं गाणं लावा आणि प्रत्येक नावाच्या उजवीकडची उभी पट्टी बघा. ज्या वाटेनं आवाज जातोय तिथली पट्टी हिरवी होऊन वर-खाली नाचते. आमच्या घरी ती मॉनिटरच्या नावापुढं नाचत होती. भाच्यालाच दिसली. "मावशी, हे बघ, वाजतंय की," म्हणाला. स्पीकरपुढची पट्टी नाचते आणि तरी ऐकू येत नाही, असं असेल तर कॉम्प्युटरनं त्याचं काम केलंय, पुन्हा पहिल्या दोन पायऱ्यांवर जा. एकही पट्टी हलत नाही, असं असेल तर पुढं चला.

एक सोय सांगते. मॉनिटरला मागं इअरफोनचं भोक असेल तर स्पीकरची पिन तिथंच लावून टाकता येते. काहीही बदलावं लागत नाही. फक्त आवाज किती मोठा ते मॉनिटरच्या मेनूतही बघा, तिथं तो शून्यावर असू शकतो.

५. बंद करून चालू नाही, रीस्टार्ट

या दोन्हींत फरक आहे, आणि तो बऱ्याच जणांना माहीत नसतो. विंडोजमध्ये "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय असते. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावर सगळं खरोखर पुसलं जात नाही, काही भाग डिस्कवर झोपवून ठेवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तसाच उठवला जातो. अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठतो. "रीस्टार्ट" मात्र पाटी कोरी करतं. आणि भिंतीतल्या बोर्डावरचं बटण खटकन बंद करणं हा रीस्टार्ट नव्हे.

तरीही नाही आला? पुन्हा विंडोज की आणि आर, चौकटीत "सर्व्हिसेस" हा इंग्रजी शब्द, टिंब आणि एम, एस, सी. लांबलचक यादीत "विंडोज ऑडिओ" शोधा, उजवी टिचकी, "रीस्टार्ट". तिच्याच खाली "विंडोज ऑडिओ एंडपॉइंट बिल्डर" आहे, तिचंही तसंच. दोन्हींपुढं "रनिंग" आणि "ऑटोमॅटिक" दिसलं पाहिजे. या यादीत दुसऱ्या कशाला हात लावू नका.

६. ड्रायव्हर

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि साउंडच्या चिपमधला दुभाषा. स्टार्टच्या बटणावर उजवी टिचकी मारून "डिव्हाइस मॅनेजर" उघडा. "साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स" पसरवा.

नावावर खाली जाणारा बाण असेल तर ते बंद केलेलं आहे, उजवी टिचकी मारून चालू करा. पिवळा त्रिकोण असेल तर दुभाषा आजारी आहे. नावच नसेल तर वर "ॲक्शन" मधून "स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस" करा, आणि "अदर डिव्हाइसेस" असा वेगळा गट आहे का बघा, बिननावाची साउंड चिप तिथं सापडते. नुकतंच फॉरमॅट मारून आणलेल्या मशीनवर असं होतं.

अपडेटनंतर आवाज गेला असेल तर नावावर दोनदा टिचकी मारा, "ड्रायव्हर" भागात "रोल बॅक ड्रायव्हर". बटण फिकं असेल तर मागं जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग "अनइन्स्टॉल डिव्हाइस" करून रीस्टार्ट करा. उठताना विंडोज तो परत बसवतं. अनइन्स्टॉल करताना ड्रायव्हरच्या फायली पुसण्याची एक चौकट येते, पहिल्या वेळी तिच्यावर खूण करू नका.

एवढ्यानंही नाही जमलं तर विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर लावा: "अपडेट ड्रायव्हर", मग "ब्राउज माय कॉम्प्युटर", मग "लेट मी पिक", आणि यादीतून "हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस". कंपनीच्या ड्रायव्हरची नखरेल बटणं यात नसतात, पण आवाज येतो. मी वर्षभर हाच वापरतेय.

मूळ ड्रायव्हर हवाच असेल तर तो मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरूनच घ्या, लॅपटॉप असेल तर लॅपटॉपच्या कंपनीच्या. मॉडेल माहीत नसेल तर विंडोज की आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजीत एम, एस, इन्फो आणि पुढं ३२ असं जोडून लिहा. उघडलेल्या पानावर "बेसबोर्ड प्रॉडक्ट" या ओळीत ते असतं.

आणि आता सगळ्यात मोठा सापळा. नेटवर शोधलं की "तुमचे २३ ड्रायव्हर जुने झालेत, फुकट दुरुस्त करा" अशा पाट्या वर येतात. आतलं सॉफ्टवेअर आधी घाबरवतं, मग पैसे मागतं, आणि जाताना ब्राउजरचं पहिलं पान बदलून जातं. त्याहून वाईट म्हणजे मदतीचा म्हणून दिलेला फोन नंबर. पलीकडचा माणूस गोड बोलून स्क्रीनचा ताबा देणारं ॲप टाकायला सांगतो. आवाजासाठी कुणालाही स्क्रीनचा ताबा, ओटीपी किंवा यूपीआयचा पिन द्यायची गरज नसते. दिला गेलाच आणि खात्यातून पैसे गेले, तर वाट न बघता १९३० ला फोन लावा. सायबर फसवणुकीसाठीचा हा सरकारी नंबर आहे.

दुसरी थाप दुकानात ऐकू येते: "विंडोज १० बंद झालं ना, म्हणून आवाज गेला." विंडोज १० ची नेहमीची अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, हे खरं. पण त्यामुळं चालू असलेला आवाज बंद पडत नाही.

७. डबा उघडायचा तर

लॅपटॉपवाल्यांनी ही पायरी सोडा. वॉरंटी चालू असेल तर डबेवाल्यांनीही.

कॉम्प्युटर बंद करा आणि भिंतीतली पिन काढा, नुसतं बटण बंद करून चालणार नाही. मग डब्याचं बटण एकदा पाच सेकंद दाबा, उरलेली वीज निघून जाते. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज चढते, ब्लँकेट झटकताना चटचट आवाज येतो तीच, आणि तेवढी एखाद्या चिपला पुरते. धूळ ब्रशनं हलकेच झाडा. तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते.

पुढच्या भोकांची वायर बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात, साधारण मागच्या हिरव्या भोकांच्या बाजूला येते. तिथं दोन ओळींत मिळून नऊ टाचण्या असतात, दहावीची जागा रिकामी. शेजारी बारीक अक्षरात ऑडिओ असं काहीतरी छापलेलं असतं. रिकाम्या जागेमुळं वायर एकाच बाजूनं बसते. जोर लावू नका. शेजारचीच यूएसबीची जागा जवळजवळ अशीच दिसते, म्हणून काढण्याआधी फोटो.

डबा उघडलाच आहे तर बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी बघा, सीआर २०३२. कॉम्प्युटर रोज सकाळी चुकीची तारीख दाखवत असेल तर ती संपलीय. ती संपली की बायोसमधल्या (विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मूळ प्रोग्राममधल्या) सेटिंग्ज विस्कटतात. चालू करताना डिलीट किंवा एफ २ दाबत राहिलं की बायोस उघडतं. तिथं "ऑनबोर्ड ऑडिओ" किंवा "एचडी ऑडिओ" हे "इनेबल्ड" आहे ना, एवढंच बघून बाहेर या.

स्पीकरमधून सतत "घूं" असा आवाज येतो आणि डब्याला हात लावला की मुंग्या येतात, असं असेल तर कॉम्प्युटर सोडा आणि घराची अर्थिंग बघा. मीठ-कोळसा घालून पुरलेला अर्थिंगचा पाइप मे महिन्यात पार कोरडा पडतो. त्याच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं काम कुणाच्या लक्षात राहत नाही. पाणी घालूनही मुंग्या थांबल्या नाहीत तर वायरमनला बोलवा. हे आवाजाहून जास्त गरजेचं आहे.

८. चिप खरंच गेली का? पेन ड्राइव्हची परीक्षा

थोडी खटपट आहे, पण निकाल स्पष्ट लागतो. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी एक फुकट सिस्टिम, उतरवून घ्या (पाच-सहा जीबीची फाइल आहे, मोबाइलचा दिवसाचा डेटा पुरणार नाही) आणि ती पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं. मग आपला कॉम्प्युटर त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा आणि "ट्राय उबुंटू" निवडा. "इन्स्टॉल" नाही. इन्स्टॉल दाबून पुढं पुढं गेलात तर विंडोज आणि फोटो दोन्ही जाऊ शकतात.

उबुंटूत आवाजाच्या सेटिंगमध्ये स्पीकर निवडून चाचणीचं बटण दाबा. वाजलं तर चिप ठणठणीत, घोळ विंडोजमध्ये आहे. तिथंही नाही, भोकं तपासून झाली, बायोसही बघून झालं, तर चिप गेल्याचं मान्य करायला हरकत नाही. वळवाच्या विजा कडाडून गेल्यावर हे घडतं. जवळपास वीज पडते, लाईटच्या किंवा नेटच्या वायरीतून झटका येतो आणि बोर्डावरचं काहीतरी मरतं. आभाळ गडगडायला लागलं की कॉम्प्युटरची आणि राउटरची पिन भिंतीतून काढून ठेवा.

९. बोर्ड बदलू नका, यूएसबी कार्ड घ्या

चिप गेली तरी बोर्ड बदलायची गरज नाही. बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड दोन-तीनशे रुपयांत मिळतं. यूएसबीत खुपसा, विंडोज ते स्वतः ओळखतं, त्याच्या भोकात स्पीकर लावा. मग चौथ्या पायरीतल्या यादीत तेच निवडा, नाहीतर परत शांतता.

मी गरज नसताना घेतलेलं कार्ड वर्षभर खणात पडून होतं. या मे महिन्यात गावाकडं डीपीवर वीज पडली आणि आमच्या चुलत दिराच्या कॉम्प्युटरचा आवाज खरोखरचा गेला. ते कार्ड आता तिकडं आहे, त्यावर रोज हरिपाठ चालतो.

१०. शेवटी दुकानात जायचंच असेल तर

फोटो, दाखले, भाच्या-पुतण्यांच्या नोट्स, सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. "फॉरमॅट मारतो" हे वाक्य दुकानात फार सहज येतं. बिल आणि वॉरंटी कार्ड बरोबर घ्या. डब्यावरचा सीरियल नंबर आणि आतल्या रॅमचा फोटो काढून ठेवा. वहीतलं पान दुकानदाराला दाखवा: काय बदललं, कुठली पट्टी हलते, पेन ड्राइव्हवर वाजलं की नाही. असं पान दिसलं की तो चिपच्या गप्पा मारत नाही, कामाचं बोलतो.

आणि नुसता डबा नेऊ नका. घरचा मॉनिटर, घरची एचडीएमआय वायर आणि घरचे स्पीकर, सगळं ऑटोत घाला. जड होतं, ऑटोवाला दहा रुपये जास्त मागतो, देऊन टाका. दुकानात आपल्याच मॉनिटरवर, आपल्याच वायरींनी वाजवून दाखवा म्हणा. सगळं नेणं शक्य नसेल तर तसं आधीच बोलून घ्या, "दादा, निम्मे पैसे आता, निम्मे घरी वाजल्यावर."